डायोड आणि ट्रान्झिस्टरमध्ये फरक काय? दोन डायोड जोडून ट्रान्झिस्टर का होत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दोघांत फरक काय, आणि सर वर्गात 'ट्रान्झिस्टर म्हणजे दोन डायोड' असं सांगतात तर दोन डायोड जोडून ट्रान्झिस्टर का होत नाही. दुसरी आधी घेतो, कारण ती वाचून माझं डोकं फिरलं.

नाही होत. १एन४००७ या साध्या डायोडचे दोन नग घ्या, अॅनोडला अॅनोड (पट्टी नसलेलं टोक) डाग द्या आणि मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लावा. मीटर फसेल. मधल्या जोडापासून दोन्ही टोकांकडे ०.६ च्या आसपास आकडा, टोकापासून टोकाला काहीच नाही. बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर धडधाकट असला तर तोसुद्धा हेच दाखवतो. ट्रान्झिस्टर जिवंत आहे की मेलाय हे तपासण्यापुरतंच सरांचं वाक्य उपयोगाचं. त्यापुढे ते पोरांची दिशाभूल करतं. ट्रान्झिस्टरमध्ये एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन थर असतात. मधला बेस अतिशय पातळ असतो आणि तिन्ही थर एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात असतात. एमिटरमधून बेसमध्ये शिरलेले इलेक्ट्रॉन तिथे थांबतच नाहीत, जवळजवळ सगळे पलीकडे कलेक्टरमध्ये ओढले जातात. तुमच्या जोडात मधे धातूची तार आहे. तिथवर पोचलेला इलेक्ट्रॉन बेसच्याच वाटेने बाहेर जातो, पलीकडच्या डायोडला त्याची खबरही लागत नाही. १९४७ च्या डिसेंबरात बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला तेव्हा सोन्याचा पत्रा ब्लेडने चिरून दोन टोकं एकाच जर्मेनियमवर, केसभर अंतरावर टेकवली होती. पत्रा चिरण्याची धडपड ते अंतर कमी ठेवण्यासाठीच होती.

आता फरक. डायोडला कोणी हुकूम देत नाही. एका दिशेने ०.६-०.७ व्होल्ट खाऊन करंट सोडतो, उलट्या दिशेने अडवतो. ट्रान्झिस्टरला तिसरा पाय आहे, बेस, आणि त्या पायातल्या थोड्याशा करंटवर कलेक्टरचा मोठा करंट चालू, बंद किंवा कमीजास्त होतो. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण दोघं एका सर्किटमध्ये शेजारी बसले की कोण कशासाठी आहे ते डोक्यात पक्कं बसतं, म्हणून आमच्याकडचं सांगतो.

माझं रिपेअरिंगचं दुकान दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या जवळ. एका तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) बोटीच्या तळात पाणी वाढलं की भोंगा वाजेल असं १२ व्होल्टवर चालणारं खोकं करून दिलं होतं. तळापासून वर ठरावीक उंचीला स्टीलच्या दोन सळ्या. (तांब्याच्या तारा लावू नका. खारं पाणी आणि डीसी करंट मिळून त्या खाऊन टाकतात.) पाणी सळ्यांना टेकलं की त्यातून आणि १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून बीसी५४७ च्या बेसला जेमतेम एक मिलिअँपिअर मिळतो. तेवढ्यावर ट्रान्झिस्टर रिलेच्या (कॉइलच्या चुंबकावर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलचे ३० मिलिअँपिअर ओढतो आणि रिले भोंगा लावते. कॉइलला समांतर एक १एन४००७, त्याच्यावरची पट्टी प्लसकडे.

गणपतीला चाकरमानी आले, त्यांत माझा चुलतभाऊ. दादा इलेक्ट्रॉनिक्सचा डिग्रीवाला, मुंबईला मोठ्या कंपनीत. ते खोकं तेव्हा सर्व्हिसिंगला माझ्याकडे होतं. दादाने उघडून बघितलं आणि म्हणाला, "अरे, हा डायोड उलटा आहे. यातून करंट कधी जाणारच नाही. कशाला लावलायस?" मी म्हटलं, "दादा, तो चालूसाठी नाही, बंदसाठी आहे." तो हसला. मी आरतीला गेलो तेवढ्यात पठ्ठ्याने निपरने डायोड कापून टाकला, खोकं बंद केलं आणि मला काही बोलला नाही. बाबांना मात्र सांगितलं, मी 'साफ केलं'.

विसर्जन झालं, दादा मुंबईला गेला, बोट समुद्रात गेली. रात्री भोंगा सुरू झाला तो थांबेचना. खलाशी उठून बादल्या घेऊन खाली गेले तर तळ जवळजवळ कोरडा. शेवटी तांडेलाने तारच तोडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंदरावर लिलाव चालू असताना, सगळ्यांसमोर, "तुझं खोकं बोंबलतं आणि तळात पाणी नाही!" मी गप्प. दुकानात आणून उघडलं तर डायोडच्या जागी कापलेले दोन खुंट, आणि बीसी५४७ कलेक्टर-एमिटर शॉर्ट.

कारण सरळ आहे. बोट हलते, पाणी हिंदकळतं, सळ्यांना टेकतं, सुटतं, रिले सारखी टकटक करते. कॉइलमधला करंट ट्रान्झिस्टरने अचानक तोडला की कॉइल तो चालू ठेवायला बघते आणि कलेक्टरवर शेकडो व्होल्टचा झटका मारते. बीसी५४७ ची मर्यादा ४५ व्होल्ट. डायोड असता तर झटक्याच्या वेळी कॉइलवरच्या व्होल्टेजची दिशा पलटून तोच डायोड सुलटा झाला असता, करंट त्यातून कॉइलमध्येच फिरून विरला असता आणि कलेक्टर पावणेतेरा व्होल्टच्या वर गेला नसता. प्रत्येक टकटकीला असे झटके खाऊन ट्रान्झिस्टर किती टिकणार?

मी दादाला फोन केला. म्हणाला, "ट्रान्झिस्टर डुप्लिकेट असेल." मी त्याच पाकिटातला दुसरा ट्रान्झिस्टर लावला, डायोड परत बसवला, ते खोकं अजून त्याच बोटीवर चालतंय. तरी दर गणपतीला जेवायला बसलो की डुप्लिकेटचा विषय निघतो. डिग्री घेतलेली माणसं चिन्हातला बाण बघून निकाल देतात, कॉइल बंद होताना काय करते ते बघत नाहीत. तुम्ही बघा. १२ व्होल्टची रिले घ्या, टेस्टरमधला निऑन दिवा कॉइलला समांतर जोडा आणि बॅटरीची तार काढा. साठ-सत्तर व्होल्टच्या खाली न पेटणारा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर क्षणभर चमकतो. मग डायोड लावून तेच करा. नाही चमकणार. दादाला हे टेबलावर मांडून दाखवत होतो, तर त्याला तेव्हाच मोदक खायचे होते.

काही गोष्टी राहिल्या. वरचं सगळं एनपीएन जातीच्या ट्रान्झिस्टरचं आहे. पीएनपी या दुसऱ्या जातीला दिशा उलट्या, आणि मॉसफेट या वेगळ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरला बेस करंटची भानगडच नाही, तो गेटच्या व्होल्टेजवर चालतो. डायोडमुळे रिले किंचित उशिरा सुटते. भोंग्याला त्याने काही बिघडत नाही. एसएमपीएसच्या (फार वेगाने चालू-बंद होणाऱ्या पॉवर सप्लायच्या) वेगवान बाजूला १एन४००७ टाकू नका, तो तिथे फार मंद पडतो. आणि सगळे डायोड रक्षणासाठी नसतात. त्याच बोटीच्या आल्टरनेटरमधले (इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रातले) डायोड एसीचं डीसी करतात, त्यातला एक शॉर्ट झाला तर रात्रीत बॅटरी उतरू शकते.

दादा इथे येऊन उत्तरं वाचतो हे मला माहीत आहे. त्याने खाली एवढंच लिहावं, की डायोड नसेल तर ट्रान्झिस्टर बंद झाल्यावर कॉइलमधले ते ३० मिलिअँपिअर जातात कुठे?