वाचकांचे प्रश्न : अनिवासी भारतीयांनी एआयएफमध्ये पैसे घालण्यापूर्वी

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो. ठाण्यातला फ्लॅट विकला, त्याचे पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं) पडून आहेत. बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने कॅटेगरी 2 चा एक एआयएफ (पर्यायी गुंतवणूक फंड) सुचवला आहे, किमान रक्कम 1 कोटी. सात वर्षांनी हे पैसे दुबईला नेता येतील का?

उत्तर : येतील, पण मर्यादेत. पैसे कुठल्या खात्यातून आत गेले, यावर ते कसे बाहेर निघणार हे ठरतं. एनआरओ खात्यातून घेतलेले युनिट पैसे परदेशी परत न नेण्याच्या तत्त्वावर घेतलेले मानले जातात. फंड संपला की मुद्दल आणि नफा दोन्ही एनआरओतच येतात. तिथून एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त 10 लाख डॉलर परदेशी पाठवता येतात, तेही कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र आणि 15सीए-15सीबी म्हणून ओळखले जाणारे फॉर्म दिल्यावर. ही मर्यादा एकट्या फंडाची नाही. त्याच वर्षी दुसरं घर विकलंत किंवा वारसाहक्काचे पैसे पाठवलेत, तर तेही यातच मोजले जातात.

परदेशातल्या कमाईसाठीच्या एनआरई (रुपयांतल्या) किंवा एफसीएनआर (परकी चलनातल्या) खात्यातून, अथवा थेट परदेशातून पैसे दिले, तर कर वजा जाता मुद्दल आणि नफा दोन्ही विनामर्यादा बाहेर नेता येतात. त्यामुळे दुबईतली बचत आणि फ्लॅटचे पैसे एकत्र करू नका. पहिला हप्ता एनआरओतून आणि दुसरा एनआरईतून, असं केलं की पुढे कुठला नफा कुठल्या खात्यात टाकायचा याचा घोळ वर्षानुवर्षं चालतो. युनिट आता डीमॅटमध्ये मिळतात, तेव्हा डीमॅट खातंही त्याच प्रकारचं हवं. करारावर सही करण्याआधी त्यात आपला प्रकार (पैसे परत नेता येणारा की न येणारा) बरोबर लिहिलाय ना, ते स्वतः वाचून बघा.

हप्ता तुमच्या स्वतःच्या खात्यातूनच जायला हवा. पत्नीच्या किंवा वडिलांच्या खात्यातून आलेली रक्कम फंड परत पाठवतात. आखातातल्या मनी एक्स्चेंजमधून थेट फंडाच्या खात्यात पाठवलं, तर पाठवणारा म्हणून एक्स्चेंजचं नाव दिसू शकतं आणि रक्कम अडकते. आधी आपल्या एनआरई खात्यात आणा, मग तिथून द्या. युनिट मिळाल्यापासून 30 दिवसांत फंडाला रिझर्व्ह बँकेकडे 'इनव्हीआय' फॉर्म भरावा लागतो. तो भरल्याची पोच मागून घ्या आणि जपून ठेवा. बाहेर पडताना बँक हाच कागद मागते.

आणखी एक. 1 कोटी एकदम घेत नाहीत. तुम्ही कबूल करता ती रक्कम म्हणजे कमिटमेंट, आणि गुंतवणूक सापडेल तसतसे फंड पैसे मागवतो, त्याला ड्रॉडाउन म्हणतात. समजा पहिल्या वर्षी 25 लाख, दुसऱ्या वर्षी दोनदा 20 लाख, बाकी तिसऱ्या वर्षी. नोटीस आली की मुदत साधारण दोन आठवड्यांची असते. हप्ता चुकला तर करारानुसार दंडव्याज लागतं, आणि तरीही भरला नाही तर आधी घेतलेल्या युनिटचा काही भाग जप्त होऊ शकतो. म्हणून उरलेली रक्कम शेअर बाजारात ठेवू नका. एनआरई मुदत ठेवीत ठेवत असाल तर लक्षात घ्या, एक वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य मिळतं. वेगवेगळ्या तारखांना संपणाऱ्या लहान ठेवी करा.

प्रश्न : एजंट म्हणतो, कॅटेगरी 2 मध्ये 'पास-थ्रू' आहे, म्हणजे कर लागत नाही. खरं आहे का?

उत्तर : नाही. पास-थ्रूचा अर्थ फंडावर कर नाही, तो तुमच्यावर आहे. कॅटेगरी 1 आणि 2 मध्ये फंडाला झालेला भांडवली नफा, व्याज किंवा लाभांश तुम्ही स्वतः थेट कमावल्यासारखा धरतात. फक्त धंद्याचं उत्पन्न फंडाच्या पातळीवरच करपात्र असतं.

उदाहरण घ्या. फंडाने बाजारात नोंद नसलेले शेअर चार वर्षांनी विकले आणि नफ्यात तुमचा वाटा 18 लाख आला. 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या अशा शेअरवर 12.5 टक्के, म्हणजे 2,25,000, आणि त्यावर 4 टक्के उपकर 9,000. एकूण 2,34,000 रुपये. उत्पन्न 50 लाखांच्या वर गेलं तर अधिभार वेगळा. निवासी माणसाला दुसरं उत्पन्न नसेल तर मूळ करमुक्त मर्यादा या नफ्याशी जुळवता येते, अनिवासीला येत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज पुढच्या गोष्टीबद्दल आहे. फंडाने नफा वाटला नाही, तरी वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो तुमच्या नावे जमा झाल्याचं मानतात. हातात पैसे नाहीत आणि कर मात्र लागू, अशी वेळ येते. सही करण्याआधी फंड मॅनेजरला लेखी विचारा, की अशा वर्षी निदान कराएवढी रक्कम वाटणार का? फंड दरवर्षी प्रत्येकाच्या वाट्याचं विवरण देतो. ते आणि 26एएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कर खात्याच्या विवरणातला टीडीएस जुळवूनच रिटर्न भरा.

यूएईतल्या वाचकांसाठी आणखी एक धोक्याची सूचना. म्युच्युअल फंडाच्या युनिटवरच्या नफ्याला भारत-यूएई कर करारातून मिळणाऱ्या सवलतीचा मुद्दा तिकडे बराच चर्चेत आहे. तो इथे तसाच लागू होईल असं धरू नका, कारण पास-थ्रूमुळे नफा युनिटचा नसून शेअरचाच मानला जातो आणि भारतीय कंपनीच्या शेअरवर भारत कर लावतो. व्याजाचं गणित मात्र वेगळं आहे. खाजगी कर्ज देणाऱ्या फंडाचं उत्पन्न बहुतांशी व्याजाचं असतं, आणि दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार यूएईतल्या रहिवाशांसाठी त्यावरच्या कराची कमाल 12.5 टक्के आहे. त्यासाठी तिथलं कर-निवास प्रमाणपत्र आणि 10एफ म्हणून ओळखला जाणारा फॉर्म टीडीएस कापण्याआधी फंडाकडे पोचायला हवेत. नंतर दिले तर जास्तीचा टीडीएस रिफंडमधूनच मिळतो.

कॅटेगरी 3 मध्ये साधारणपणे फंडच स्वतःच्या पातळीवर कर भरतो, धंद्याच्या उत्पन्नावर तर सर्वोच्च दराने, आणि उरलेलं तुम्हाला देतो. हिशेब सोपा, पण तुमचा स्वतःचा दर कमी असला तरी त्याचा फायदा मिळत नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. दोन फंडांनी अमेरिकेचं नाव ऐकताच नकार दिला, तिसरा तयार आहे. घ्यावा का?

उत्तर : अमेरिकेचा कायदा समजून घेतल्याशिवाय नको. भारतातला असा फंड तिकडे 'पीएफआयसी' (निष्क्रिय परकी गुंतवणूक कंपनी) ठरण्याची शक्यता मोठी असते. काहीच पर्याय निवडला नाही, तर मोठ्या वाटपाचा आणि विक्रीच्या नफ्याचा हिशेब मागच्या सगळ्या वर्षांवर पसरवून सर्वोच्च दराने कर आणि वर व्याज लावतात. दरवर्षी फॉर्म 8621 भरावा लागतो, आणि त्याची सीपीएची (तिकडच्या सीएची) फी कमी नसते.

यातून सुटायचे मार्ग फंडाच्या सहकार्यावर अवलंबून आहेत. एक तर फंड दरवर्षी पीएफआयसीचं माहितीपत्रक देईल, किंवा फॉर्म 8832 भरून स्वतःला अमेरिकी करासाठी भागीदारी म्हणून मांडेल. तिसऱ्या फंडाला नेमकं हेच विचारा, आणि होकार पत्रात लिहून घ्या. 'आमच्याकडे बरेच अमेरिकी गुंतवणूकदार आहेत' हे उत्तर पुरेसं नाही. लेखी मिळत नसेल, तर आमचं मत स्पष्ट आहे : घेऊ नका.

प्रश्न : फी 2 टक्के आहे असं सांगितलं. म्हणजे नेमकं किती?

उत्तर : 2 टक्के कशावर, ते प्लेसमेंट मेमोरँडममध्ये (फंडाच्या माहितीपुस्तिकेत) बघा. कमिटमेंटवर असेल, तर 1 कोटीवर वर्षाला 2 लाख आणि 18 टक्के जीएसटी 36,000. सात वर्षांत 16 लाख 52 हजार. ही रक्कम कमिटमेंटमधूनच कापली, तर गुंतवणुकीला साडेत्र्याऐंशी लाखांच्या आसपास उरतात. त्याशिवाय ठरलेल्या किमान परताव्याच्या वरच्या नफ्यात मॅनेजरचा वाटा असतो, बऱ्याचदा 20 टक्के. कॅच-अप कलम असेल, तर वाटा फक्त वरच्या भागावर न राहता संपूर्ण नफ्यावर जातो, म्हणून ते कलम दोनदा वाचा. एजंटशिवाय थेट घेता येणारा डायरेक्ट प्लॅन देणं 1 मे 2023 पासून बंधनकारक आहे. तो मागा.

प्रश्न : मुलगा परदेशात असतो. त्याच्या वतीने सांगलीतून मी सही करू शकते का?

उत्तर : मुखत्यारपत्र असेल आणि फंडाला ते मान्य असेल, तर हो. ते परदेशात केलं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीकडे साक्षांकित करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत बरेचजण विसरतात. केवायसी मुलाचीच लागते. पासपोर्ट आणि परदेशातल्या पत्त्याच्या प्रती वकिलात, नोटरी किंवा भारतीय बँकेची परदेशी शाखा साक्षांकित करू शकते.

प्रश्न : गिफ्ट सिटीतला (गुजरातमधल्या आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्रातला) फंड जास्त चांगला का? डॉलरमध्ये असतो म्हणून रुपया घसरण्याची भीती नाही, असं ऐकलं.

उत्तर : पैसे डॉलरमध्ये देता आणि डॉलरमध्ये परत मिळतात, एनआरई-एनआरओची कटकट वाचते, हे खरं. पण फंडाने भारतातल्याच कंपनीत पैसे घातले असतील, तर मूळ मालमत्ता रुपयातच आहे. रुपया घसरला तर डॉलरमधली किंमत तेवढीच घसरेल. विनिमयाची जोखीम फंडाच्या आत गेली, नाहीशी झाली नाही. फंड हेजिंग (चलनाच्या चढउतारापासून संरक्षण) करतो का आणि त्याचा खर्च कोण सोसतो, ते विचारा. मर्यादित गुंतवणूकदारांसाठीच्या योजनांत किमान रक्कम दीड लाख डॉलर असते.