पहिल्या ईपीतला ब्लूज इस्त्री करू नका

ऐरोलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, चार गाण्यांचा ईपी (छोटा अल्बम), ड्रम-बेस-गिटार आणि गायिका. घरी रेकॉर्ड केलं तर ब्लूजचा बाज टिकेल का, हा तुमचा प्रश्न. टिकेल, फक्त ड्रम घरी नको. शेजाऱ्यांचं सोडा, पण छोट्या खोलीत किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, खालचा आवाज गढूळ होतो. एक दिवस तासांवर मिळणारी जॅमरूम (बँडच्या सरावाची खोली) घ्या आणि ड्रम-बेस एकत्रच वाजवा. बाकी सगळं घरी होईल.

शफलला, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या लयीला, साधा चार ठोक्यांचा क्लिक (हेडफोनमधली लयीची टिकटिक) लावला की ड्रमर नकळत सरळ वाजवू लागतो. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करणारा क्लिक द्या. त्यातला पहिला आणि तिसरा वाजतो, मधला रिकामा. नंतर क्वांटाइझ, म्हणजे सॉफ्टवेअरने ठोके नेमक्या जागी सरकवणं, अजिबात नको. स्नेअर ड्रम केसभर मागे रेलतो, गाण्याची ऐट त्यातच असते.

गायिकेच्या ट्रॅकवर सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ऑटोमॅटिक पिच करेक्शनने. गाणं ए (A) पट्टीत असेल तर ब्लूजची खास जागा सी आणि सी शार्पच्या मध्ये पडते, म्हणजे कोमल आणि शुद्ध गंधाराच्या अधेमधे. सॉफ्टवेअरला ती चूक वाटते आणि ते त्या सुराला जवळच्या नेमक्या स्वरावर ढकलतं. गाणं सुरात येतं, पण कोरडं होतं. दुरुस्ती करायचीच तर एकेक सूर हाताने करा, आणि या गंधाराला हात लावू नका. गिटारची तार अर्धवट ओढून काढलेल्या सुरालाही (बेंड) हेच लागू.

गायिका माइकपासून वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर, मागे गोधडी टांगलेली. सगळ्यात मोठ्या आवाजातली ओळ रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १० डीबीच्या (डेसिबल) वर जाऊ देऊ नका. सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार घरघरत असेल तर आधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी दिवे बंद करा, मग जागेवरच गिटार हळूहळू फिरवा. एका कोनात घरघर बरीच कमी होते. अ‍ॅम्पचा माइक स्पीकरच्या शंकूच्या मधोमध न ठेवता जरा कडेला, जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. पावसाळ्यात अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगून तारा वर येतात, तेव्हा सेटअप रेकॉर्डिंगच्या आधीच करून घ्या. गणपतीचे दिवस टाळाच.

मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) २४ बिट वेव्हमध्ये, पीक म्हणजे सर्वात उंच आवाज उणे १ डीबीच्या आत. आवाज ठासून भरू नका. स्पॉटिफाय सगळं साधारण उणे १४ लफ्सवर (LUFS, सरासरी आवाजाचं माप) आणतं, म्हणजे फायदा शून्य आणि दबलेले ड्रम कायमचे पदरात.

अपलोड प्रकाशनाच्या तारखेच्या चार आठवडे आधी. स्पॉटिफायच्या संपादकांना एका वेळी एकच गाणं सुचवता येतं, तेही किमान सात दिवस आधी. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, बहुतेक डिस्ट्रिब्यूटर (गाणी अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या सेवा) देतात. गीत-संगीताचे वाटे मात्र अपलोडआधीच कागदावर सह्यांनिशी लिहा आणि गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्यावं. बँडचं नाव चारही गाण्यांना अक्षरशः एकच स्पेलिंगने भरा, आणि आधी शोधून बघा: त्याच नावाचा दुसरा बँड असेल तर तुमचं गाणं त्यांच्या पानावर जाऊन बसतं.