विद्युत-रासायनिक प्रकाश संवेदकासाठी नुसता नाफिऑनचा थर का पुरत नाही?

जळगावच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विहिरीच्या पाण्यातील अमाइन (नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुगे) ओळखणारा संवेदक तयार करताना नुसत्या नाफिऑनच्या (आयन वाहून नेणाऱ्या एका पॉलिमरच्या) थराऐवजी इतर पदार्थ मिसळलेला संमिश्र थर का घ्यावा, असे आपण विचारले आहे.

नाफिऑनमधील ऋणभारित सल्फोनेट गट प्रकाश देणारा रुथेनियम-बायपिरिडिनचा धनभारित आयन घट्ट धरून ठेवतात, हे खरे. परंतु त्या दाट थरातून विद्युतभार आणि अमाइनचे रेणू फार सावकाश सरकतात, आणि कालांतराने बराचसा रुथेनियम थराच्या जलविरोधी भागात जाऊन निष्क्रिय होतो. त्यात सॉल-जेल पद्धतीने (द्रावणापासून जेल बनवून) टायटॅनिया, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, मिसळल्यास छिद्रे मोठी होतात आणि कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) नीट विखुरल्यास इलेक्ट्रॉनांना वाट मिळते. माझ्या मते संवेदनक्षमता खरी वाढते ती येथेच. इलेक्ट्रोडवर सुमारे १.१ ते १.२ व्होल्टला रुथेनियमचे ऑक्सिडीकरण होऊन अमाइनशी होणाऱ्या अभिक्रियेतून ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश बाहेर पडतो, आणि बाहेरून दिवा लावावा लागत नसल्यामुळे अतिशय मंद प्रकाशही मोजता येतो. तृतीयक अमाइनांना (ज्यांत नायट्रोजनला तीन कार्बनी गट जोडलेले असतात) प्रतिसाद सर्वांत चांगला मिळतो.

खानदेशातील अनेक विहिरींचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियममुळे मोजणीसाठी वापरलेल्या फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) साका धरतो, म्हणून नमुन्यातील कॅल्शियम आधीच काढून घ्यावे.