मुदत ठेव मोडून जुनी दुनाळी घ्यावी का?

आपले पत्र मिळाले. निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना सहा लाखांची मुदत ठेव मोडून भंडाऱ्याच्या एका मालगुजार घराण्यातील इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बनावटीची बारा बोरची दुनाळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, घ्यावी आणि पुढे अशाच जुन्या बंदुकांची खरेदी-विक्री करावी, असा आपला विचार आहे. वडिलांच्या पश्चात आलेली एक बंदूक आपल्या परवान्यावर आहेच.

खरेदी-विक्रीचा विचार आपण आधी सोडून द्यावा. शस्त्र अधिनियमातील 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात आणि वारसाने आलेली बंदूकही त्यातच मोजली जाते, त्यामुळे ही घेताच आपली मर्यादा संपते. विकायची झाल्यास घेणाराही परवानाधारक असावा लागतो आणि लेखी सूचना दिल्यावर किमान 45 दिवस थांबावे लागते. व्यवसाय म्हणून विकायचे तर विक्रेत्याचा वेगळा परवाना लागतो. पैशाची निकड एखाद्या रात्री दवाखान्यात उभी राहते, तेव्हा ही बंदूक कामाला येणार नाही.

किमतीचाही विचार करावा. ब्रिटनमधील लिलावांत साध्या बनावटीच्या अशा दुनाळ्या अनेकदा काहीशे पौंडांत जातात. आपल्याकडे त्यांना लाखांचा भाव येतो, कारण 1980 च्या दशकापासून खासगी आयात जवळजवळ बंद आहे; म्हणजे हा भाव सरकारी धोरणावर उभा आहे आणि धोरण बदलले तर तो टिकणार नाही. याउलट सात टक्के व्याज धरले, तरी आपले सहा लाख दहा वर्षांत पावणेबारा लाखांच्या आसपास जातात. म्हणून ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही या बंदुकीवर आपला जीव जडला आहे, हे पत्रातून जाणवते, आणि ती हौस मला गैर वाटत नाही. ती पगारातून बाजूला काढलेल्या, परत न आल्या तरी चालतील अशा पैशांतून पुरवावी. माझ्या मते दोन लाखांच्या वर जाऊ नये. सौद्याआधी जाणत्या कारागिराकडून नळ्या उतरवून घ्याव्यात. खालच्या सपाट भागावर प्रूफच्या, म्हणजे नळी दारूचा दाब सोसते याची चाचणी झाल्याच्या, खुणा असतात. तेथे धूरविरहित दारूसाठीची ‘नायट्रो प्रूफ’ खूण नसेल, किंवा नळीवर दमास्कसची वळणदार नक्षी असेल, तर आजची काडतुसे त्यात घालू नयेत. अडीच इंची चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत, पावणेतीन इंची काडतूस धोक्याचे असते. नळ्या दोरीला टांगून टिचकी मारावी. घंटेसारखा नाद न येता बद्द आवाज आला, तर मधल्या पट्टीचा झाळ सुटला आहे असे समजावे.

विसार देण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत दुसऱ्या बंदुकीची नोंद आपल्या परवान्यावर मिळेल का, याची खात्री करावी, आणि आपल्या पश्चात परवाना घ्यायला मुलांपैकी कोणी तयार आहे का, हेही आताच विचारावे. कोणी नसेल तर दोन्ही बंदुका पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा कराव्या लागतील.