खुर्चीचं नंतर बघू, आधी करार वाच

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी लांबलचक मेल वाचली. स्टॅटिस्टिक्सचं शिक्षण संपत आलंय आणि तुला एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या, एखाद्या संघाची जनरल मॅनेजर (खेळाडू निवडून संघ बांधणारी) व्हायचंय, हे ऐकून तुझ्या आईने कपाळाला हात लावला असेल. मी नाही लावला. फक्त एवढं लक्षात घे की संघ ३२, म्हणून खुर्च्याही ३२. त्यातली डॅलसची तर सोडूनच दे, तिथे मालक जेरी जोन्स १९८९ पासून स्वतःच ठाण मांडून बसलेत. तेव्हा आत शिरायला दार कुठलं ते बघ, आणि आत गेल्यावर कुठल्या कामावाचून लोकांचं अडतं ते शोध.

पराग मराठे हे नाव तू ऐकलं असशीलच. (आजोबांना सांगू नकोस, ‘कुठले मराठे?’ करत तासभर घेतील.) बर्कलीत शिकून ते बेन अँड कंपनीत सल्लागार होते. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सच्या कामावर आले. संघाचे तेव्हाचे कारभारी बिल वॉल्श आणि टेरी डोनाह्यू यांना हवं होतं ते इतकंच: ड्राफ्टमधल्या, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात त्यातल्या, एकेका नंबरची खरी किंमत किती? सात फेऱ्या, आधीच्या हंगामात तळाला गेलेल्या संघाचा पहिला नंबर, आणि आपला नंबर दुसऱ्याला देऊन बदल्यात काही घेता येतं. देवाणघेवाण आली की भाव आला. डॅलसने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काढलेला एक तक्ता लीगभर चालायचा. पहिल्या नंबरला ३००० गुण, पुढे उतरती भाजणी. पण तो झाला बाजारभाव. त्या नंबरवर घेतलेली माणसं पुढे मैदानावर किती उपयोगी पडली, हे जुन्या नोंदींतून काढणं वेगळं. अशा कामावर आलेले मराठे त्या संघातच राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत मारियुचींपासून शॅनहॅनपर्यंत आठ मुख्य प्रशिक्षक झाले. प्रशिक्षक बदलला की निम्मं ऑफिस बदलतं. मराठे टिकले, कारण करारांच्या वाटाघाटी आणि सॅलरी कॅपचा (संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेचा) हिशेब त्यांच्या हातात होता. ते काम दर नव्या साहेबाला लागतंच.

तुला मेलमध्ये खेळाडू ‘ओळखण्या’बद्दल दोन पानं लिहावीशी वाटली आणि कॅपबद्दल एक ओळ. हे उलटं कर. कॅप १९९४ पासून आहे. २०२५ साठी प्रत्येक संघाला मर्यादा होती २७ कोटी ९२ लाख डॉलर. ऐकायला अफाट, पण ५३ जणांत वाटायला बसलीस की ओढाताण कळते. खरी गंमत बोनसात आहे. समज, पाच वर्षांच्या करारावर सही करताना खेळाडूला २ कोटी दिले. पैसे गेले आजच, पण कॅपच्या वहीत दरवर्षी ४० लाख मांडायचे. दोन हंगामांनंतर त्याला काढलंस, तर उरलेले १ कोटी २० लाख तुझ्याच बोकांडी, आणि तो माणूस मैदानावर नाही. याला तिथे ‘डेड मनी’ म्हणतात. एखाद्या संघाचा हंगाम का गडगडला याचं उत्तर पुष्कळदा तीन वर्षांपूर्वीच्या अशा बोनसात सापडतं.

आता फोर्टी-नाइनर्सचा क्वार्टरबॅक (चाली चालवणारा मुख्य खेळाडू) कॉलिन कॅपर्निक याचा २०१४ चा करार बघ. मथळ्यांत आकडा होता १२ कोटी ६० लाखांपर्यंत. सहीच्या दिवशी पक्की हमी होती १ कोटी ३० लाखांच्या आसपास. बाकीची बरीचशी रक्कम दरवर्षी १ एप्रिलला तो संघात असेल तरच पक्की होणार होती. म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये संघाला दार उघडं. संघाच्या बाजूने बघितलं तर करार घट्ट विणलेला आहे, आणि वाटाघाटी मराठ्यांच्या. पण तो वाचताना खेळाडूच्या खुर्चीतही बसून बघ. एजंट मंडळी असे करार विसरत नाहीत. पुढच्या वर्षी त्याच माणसासमोर दुसऱ्या खेळाडूसाठी बसायचं असतं. पैशात कडक राहा, पण दिलेला शब्द फिरवू नकोस. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

गणितावर फार विसंबू नकोस, हे स्टॅटिस्टिक्सवालीला सांगायला नको खरं तर. याच फोर्टी-नाइनर्सनी २०२१ मध्ये तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे नंबर मोजून क्वार्टरबॅक ट्रे लान्सला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. तो त्यांच्यासाठी चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका नंबरावर डॅलसला गेला. २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू, तोही क्वार्टरबॅकच, ब्रॉक पर्डी, वर्षाला १० लाख डॉलरच्या आतला पगार घेऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला. निवडणारी माणसं तीच होती. म्हणून कोणी ‘मी आधीच ओळखलं होतं’ म्हणालं की मान डोलव आणि पुढे चल.

एक गोष्ट मात्र तुला पचणार आहे का, ते आत्ताच तपास. ऑगस्टअखेर प्रत्येक संघ ९० वरून ५३ वर येतो. ३२ संघ मिळून ११८४ पोरं. त्यातली काही सराव-पथकात परत येतात, बाकीची घरी. सकाळी कोणीतरी दारात येऊन सांगतं, ‘साहेबांनी बोलावलंय, प्लेबुक (डावपेचांची वही) घेऊन ये.’ यादी करणाऱ्यांत तू असशील. तक्त्यातली ओळ खोडणं आणि बावीस वर्षांच्या मुलासमोर बसून ते सांगणं, दोन्ही त्याच नोकरीत येतं.

बाई म्हणून अडेल का, असं विचारलंस. अडेल थोडं, खोटं कशाला बोलू? पण २०२२ मध्ये क्लीव्हलँडने कॅथरिन रेश यांना असिस्टंट जनरल मॅनेजर केलं. कायदा शिकलेल्या, कॅनडातल्या माँट्रियल संघात सुरुवात केलेल्या. आणि ओळखपाळख नाही म्हणून रडू नकोस. फिलाडेल्फियाचे जनरल मॅनेजर हाउई रोझमन विद्यार्थी असल्यापासून सगळ्या संघांना पत्रं धाडत होते. २००० मध्ये बिनपगारी इंटर्न म्हणून घेतलं, तेही कॅपच्याच कामाला. आज त्यांच्या नावावर दोन सुपर बोल आहेत. मधल्या २०१५ च्या हंगामात त्यांचे अधिकार काढून घेतले होते, तेव्हाही ते इमारत सोडून गेले नाहीत.

तर काम देतो. कुठलाही एक संघ घे, तुझ्या आवडीचा नको. ‘ओव्हर द कॅप’ या वेबसाइटवर सगळे करार आहेत. पुढच्या तीन वर्षांचा तक्ता मांड: कोणाला कधी काढता येईल, काढल्यास किती डेड मनी, कोणाचा करार वाढवावा. प्रत्येक निर्णयापुढे एका ओळीत कारण. आकड्यांची फाइल वेगळी, कारणांची वेगळी. थँक्सगिव्हिंगला इकडे येशील तेव्हा घेऊन ये. जेवणाआधी बसू, नंतर सामने सुरू झाले की मी काही ऐकणार नाही. मामीने साबुदाणा वडे करायचं कबूल केलंय.

तुझा,
मामा