पाच लाख चाळीस हजार म्हणजे हातात किती?

प्रश्न : मुलगी यंदा बी. कॉम. झाली. तिला दोन ठिकाणांहून नेमणुकीची पत्रं आली आहेत. एक मुंबईचं, गोरेगावच्या केपीओतलं (दुसऱ्या कंपन्यांची माहिती-विश्लेषणाची कामं करून देणारी कंपनी). पद ‘ज्युनिअर फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट’, वर्षाला ५ लाख ४० हजार. दुसरं इथल्याच, गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका औषध कंपनीचं. पद ‘फायनान्स एक्झिक्युटिव्ह’, ३ लाख ३६ हजार. नेटवर बघितलं तर अ‍ॅनालिस्टला कुठे साडेचार लाख दाखवतात, कुठे दहा. बंगळुरूला मुंबईपेक्षाही जास्त दाखवतात. तिची आई म्हणते घर सोडून जायचं नाही, मी म्हणतो पगार दुप्पट आहे. दोन्ही पत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. – एक पालक, डिचोली

उत्तर : आधी एक दुरुस्ती. पगार दुप्पट नाही, दीडपटीच्या जरा वर आहे, आणि तोही कागदावर. तुम्ही पत्रांच्या प्रती जोडल्यात हे फार बरं केलंत, कारण बहुतेक पालक मला फक्त आकडा कळवतात.

मुंबईच्या पत्राचं दुसरं पान उघडा. ५ लाख ४० हजारांपैकी ५४ हजार ‘व्हेरिएबल’ आहेत. ते वर्षाच्या शेवटी कामगिरी बघून मिळणार. पूर्ण मिळतील, अर्धे मिळतील, पहिल्या वर्षी मिळणारही नाहीत. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिन्याला १,८०० प्रमाणे २१,६०० रुपये याच रकमेत धरलाय. ग्रॅच्युइटी म्हणून मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे १२,९८७ रुपये, तेही यातच. ग्रॅच्युइटी नोकरी सोडताना मिळते, तीही ठरावीक सेवा झाली असेल तरच. उरला आरोग्यविमा, ७,४१३. हे सगळं वजा केलं की ४ लाख ४४ हजार राहतात, महिन्याला ३७ हजार. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) कापला की बँकेत येतात ३५ हजार. नव्या करप्रणालीत या पगारावर आयकर लागत नाही, ती काळजी सोडा.

वेर्ण्याच्या पत्रात व्हेरिएबल नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटी वगळून हातात साधारण २३,७०० येतात. गोव्यात व्यवसाय कर नाही, त्यामुळे ते दोनशे रुपयेही वाचतात.

आता खर्च. गोरेगाव-मालाडला तिघींत एक खोली आणि जेवण मिळून १८ हजार धरा. येणं-जाणं, मोबाईल, कपडे, वर्षातून तीन-चारदा घरी येण्याचं भाडं असे आणखी सहा हजार. उरले अकरा. वेर्ण्याला जाणारी मुलगी डिचोलीत आईच्या हातचं जेवून १७-१८ हजार बाजूला टाकू शकते. म्हणजे पहिल्या वर्षी शिल्लक गोव्यातच जास्त. यात एक फसगत मात्र आहे. तिचा राहण्या-जेवणाचा खर्च कंपनी देत नाही, तुम्ही देताय. शिवाय डिचोलीहून पणजी, पणजीहून वेर्णा, बस वेळेवर मिळाली तरी जाऊन-येऊन तीन तास सहज जातात. कंपनीची बस डिचोलीपर्यंत येते का, हे आधी विचारा. तीन तास रोजचे गेले तर ती संध्याकाळी पुस्तक उघडणार नाही, आणि या क्षेत्रात पहिली तीन वर्षं पुस्तक उघडावंच लागतं.

नेटवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण ‘फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट’ हे एका कामाचं नावच नाही. कारखान्यात बसून बजेट आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक शोधणारा अ‍ॅनालिस्ट. म्युच्युअल फंडात किंवा ब्रोकरकडे शेअरचं मूल्य काढणारा अ‍ॅनालिस्ट. परदेशी बँकेच्या भारतातल्या केंद्रात तिथल्या टीमसाठी तक्ते भरणाराही अ‍ॅनालिस्टच. पहिल्या दर्जाच्या संस्थेतून एमबीए करून इन्व्हेस्टमेंट बँकेत गेलेला आणि तुमच्या लेकीसारखी काल पदवी घेतलेली, दोघांना एकाच सरासरीत घातलं तर जे उत्तर येईल ते दोघांपैकी कुणाचंच नसतं.

पगार शहर देत नाही, पगार काम देतं. ते काम कुठल्या शहरात आहे एवढाच प्रश्न. शेअर बाजार मुंबईत, रिझर्व्ह बँक आणि सेबी मुंबईत, म्हणून फंड आणि ब्रोकरही बहुतेक तिथेच, आणि संशोधनाची कामं त्यांच्या मागोमाग. बंगळुरू, हैदराबाद, पुणे, गुरुग्राम इथे परदेशी बँकांची आणि कंपन्यांची मोठी केंद्रं आहेत. तिथे माणसं एकमेकांकडून पळवली जातात म्हणून पगार चढे दिसतात. आपल्याकडे काय आहे? कारखाने आहेत, हॉटेलं आहेत, जहाजबांधणी आहे, खाणी आहेत. पण त्यातल्या बऱ्याच उद्योगांची मुख्य कार्यालयं बाहेर. गोळी वेर्ण्याला बनते आणि पुढचा कारखाना कुठे काढायचा हे मुंबईत ठरतं. निर्णयाच्या जवळ बसणाऱ्याला जास्त पैसे मिळतात. म्हणून गोव्यात खर्च-हिशेबाचं काम चांगलं शिकता येतं, पण एका पायरीनंतर जागा संपतात. त्यातून एकाच धंद्यावर विसंबलं की काय होतं ते २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोलीने पाहिलंय. तुम्हाला मी काय सांगणार!

तरीही मुंबईला डोळे मिटून ‘हो’ म्हणा, असं मी सांगणार नाही. ती चूक माझ्या हातून एकदा झालीय. पेडण्याच्या एका मुलाला मी आकडा बघून बंगळुरूला जायला लावलं. पद अ‍ॅनालिस्टच. दोन वर्षं तो परदेशी कंपन्यांचे वार्षिक अहवाल पीडीएफमध्ये उघडायचा, टिपांमधला घसाऱ्याचा आकडा शोधायचा आणि ठरलेल्या रकान्यात टाकायचा. दिवसाला अठरा अहवाल. कंपनीचा नफा का घटला हे त्याला कुणी कधी विचारलं नाही, आणि त्यालाही ते विचारायचं असतं हे ठाऊक नव्हतं. नोकरी बदलायला गेला तेव्हा मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडकला. कागदावर दोन वर्षांचा अनुभव होता, पण सहा महिन्यांचं काम त्याने चारदा केलं होतं. परत आला तेव्हा मला भेटायला आला होता. रागावला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

अनुभवाने पगार वाढतो तो असा. पहिली दोन वर्षं दुसऱ्याने सांगितलेला तक्ता बनवायचा. नंतर तक्ता काय म्हणतो ते सांगायचं. पाचेक वर्षांनी, त्यावरून काय करावं हे सुचवायचं. या पायऱ्या चढल्या की उडी मिळते, नाहीतर दरवर्षीची आठ-दहा टक्के वाढ. दहा टक्क्यांनी ५ लाख ४० हजारांचे तीन वाढींनंतर ७ लाख १९ हजारांच्या आसपास होतात. आठ टक्क्यांनी वेर्ण्याचे ४ लाख २३ हजार. खरी झेप नोकरी बदलताना मिळते, आणि तेव्हा समोरचा विचारतो, ‘तू स्वतः काय बनवलंस?’

तेव्हा मुंबईच्या कंपनीला मुलीने स्वतः (तुम्ही नव्हे, कृपा करून) फोन करावा आणि विचारावं : पहिल्या सहा महिन्यांत रोजचं काम काय? मॉडेल (कंपनीच्या पुढच्या कमाई-खर्चाचा अंदाज काढणारा तक्ता) आम्ही बांधायचं की तयार साच्यात आकडे भरायचे? टीममध्ये दोन वर्षं झालेली मुलं आज काय करतात? पाळी किती वाजता सुटते, आणि रात्री गाडी दारापर्यंत सोडते का? बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का? तिच्या आईची अर्धी काळजी शेवटच्या दोन प्रश्नांत आहे आणि ती काळजी रास्त आहे. वेर्ण्यालाही विचारावं : काम नुसतं बिलं तपासण्याचं की उत्पादन खर्चाचं? औषध कारखान्यात एका बॅचचा खर्च कसा काढतात हे शिकलेल्या मुलीला कुठेही भाव असतो.

एमबीएचं आत्ता नको. साखळीजवळच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटला देशभरातून मुलं येतात, आपल्या डिचोलीच्या उशाशी आहे, पण दोन वर्षं काम करून गेली तर तिथे शिकवलेलं तिला कळेल. अंकांची गोडी खरोखर असेल तर सीएफएची, म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची, पहिली पातळी नोकरी करत देता येते. एकूण तीन पातळ्या, आणि सनदेसाठी किमान तीन वर्षांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. शेअर संशोधनाकडे जायचं असेल तर एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची रिसर्च अ‍ॅनालिस्ट परीक्षा आधी द्यावी, ती त्यामानाने स्वस्त आणि लवकर होणारी आहे.

माझा कौल विचाराल तर : गोरेगावकडून ‘मॉडेल बांधायचं’ असं उत्तर आलं आणि पाळी रात्री दहाच्या आत सुटत असेल तर तिला जाऊ द्या, शिल्लक कमी पडली तरी. ‘साच्यात भरायचं’ असं आलं तर वेर्णा, आणि वाचलेल्या पैशातून सीएफएची फी. उत्तर गुळमुळीत आलं तर तेही उत्तरच समजा.

रुजू होण्याची तारीख चवथीच्या आठवड्यात पडत असेल तर आठ दिवस पुढे मागून घ्या. नव्या माणसालाही सहसा देतात, मागितलं तर.