चष्मा असताना स्कायडायव्हिंगसाठी गॉगल कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय, ‘माझा नंबर मायनस ३.५ आहे. डिसेंबरात उज्जैनला टँडम उडी मारायला जातोय. गॉगल कोणता घेऊ? घरी फवारणीचा पडून आहे, तो चालेल का?’

फवारणीचा नेऊ नका. आणि एका उडीसाठी नवाही विकत घेऊ नका, टँडमला, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून मारायच्या उडीला, गॉगल उडी मारून देणारेच देतात. समोर ठेवलेल्या चार-पाचांतला आपल्या तोंडाला कोणता बसतो, एवढं मात्र तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. माझं दिग्रसला बसस्टँडजवळ चष्म्याचं दुकान आहे, आणि तरी मी चुकीचाच गॉगल लावून विमानातून उडी मारली, म्हणून हे ठासून सांगतोय.

तीही उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवरच. जायच्या आधी आईला समजवायला स्कायडायव्हर शीतल महाजनांचा फोटो दाखवला, २०१८ मध्ये त्यांनी थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली होती तो. आईनं मोबाइल जवळ-लांब करून बघितला आणि म्हणाली, ‘अन् कासोटा नाही सुटला काय त्या बाईचा?’ यालाच मी परवानगी समजलो.

माझा नंबर मायनस ४. धावपट्टीवर डब्यात गॉगल ठेवले होते, त्यातला पहिला हाती आला तो चष्म्यावर चढवला. जमिनीवर ठीक वाटला. पण चष्म्याच्या काड्यांनी दोन्ही कानशिलांपाशी गॉगलचा फोम उचलून धरला होता, काडीच्या जाडीएवढा. रोज गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट घालून काडी कुठे टोचते ते बघणारा मी, स्वतःच्या कानशिलावर बोट फिरवायला विसरलो. दारातून बाहेर पडलो आणि त्या दोन फटींतून वारा आत घुसला. डोळ्यांतून धारा, पापण्यांची फडफड, चष्मा नाकावर नाचतोय. दहा हजार फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत तीसेक सेकंद मिळतात. त्या तीस सेकंदांत मला जे दिसलं ते पाऊस चालू असताना वायपर बंद पडलेल्या एसटीच्या काचेतून दिसतं तसं. दोष कोणाचा नाही, माझाच.

एवढीशी फट इतकी का नडते, तर पोटावर पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. मोटरसायकलवर ६० च्या वेगाला तोंडावर जेवढा दाब लागतो, त्याच्या अकरा पट तिथे असतो. दिग्रस-आर्णी रस्त्यावर जो गॉगल ‘चालून जातो’, तो वर चालेलच असं नाही.

तर निवडायचं कसं? त्यांना पहिल्यांदा सांगा की चष्मा आहे. चष्म्यावरून घालायचे मोठे गॉगल वेगळे येतात, आतून खोल असतात आणि काडी जायला कडेला जागा असते. तो चष्म्यासकट लावा, पट्टा न ओढता नुसता तळहातानं दाबून धरा, आणि दुसऱ्या हाताचं बोट कडेनं पूर्ण फिरवा: कपाळ, कानशील, गाल, नाकाची दांडी. नाकापाशी फट राहते ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आपल्याकडच्या बसक्या नाकांना तर हमखास राहते. मग पट्टा आवळा. उतरवल्यावर कातडीवर फिकट वळ दिसला पाहिजे, डोकं ठणकायला नको. यानंतरची गोष्ट कोणी सांगत नाही: तोंड मोठं उघडून हसा, ओरडा. वर गेल्यावर माणूस यातलं एक तरी करतोच, आणि गाल वर चढले की गॉगल खालून उचलला जातो. हसल्यावरही जागचा न हलणारा गॉगल तुमचा.

फट शोधायला घरचा कूलर बरा. पापण्या पाण्यानं ओल्या करा, गॉगल लावा आणि कूलरसमोर तोंड करून बसा, मान डावी-उजवीकडे फिरवत. ओल्या पापणीला जरा जरी वारा शिरला तरी गारवा लगेच कळतो, आणि कुठून येतोय तेही. कूलरचा वारा कुठे आणि तो वारा कुठे, हे खरं. पण कूलरलाच गळणारा गॉगल वर नक्की गळणार. दुकानात मी आता मोटरसायकलचे गॉगलसुद्धा असेच दाखवतो, लोक हसतात.

आता फवारणीच्या गॉगलचं. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, त्यानंतर गॉगल, मास्क, हातमोजे बरेच वाटले गेले. माझ्या काकांच्या घरी तो गॉगल अजून खुंटीला आहे. लावत का नाही म्हटलं तर म्हणतात, ‘लावला का पऱ्हाटीच दिसत नाही बाप्पा, सारा धुरकट होते.’ तो बनवलाय औषधाचे शिंतोडे अडवायला. हवा खेळायच्या झडपांची तोंडं आडवी, प्लास्टिक जाड, इलास्टिक एका हंगामात ढिलं पडणारं. २०० च्या वाऱ्यात तो तोंडावर राहील याची खात्री मी देणार नाही. शिवाय इलास्टिकमध्ये मुरलेलं औषध डोळ्याशी कशाला न्यायचं?

पोहण्याचा गॉगल घट्ट बसतो म्हणून कोणी सुचवेल. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो. वर लावलेला हवाबंद गॉगल खाली येताना आतल्या विरळ हवेमुळे डोळ्यांभोवती आवळत जातो. शिवाय बाजूचं नीट दिसत नाही, आणि वाफ बाहेर जायला वाट नाही.

वाफेची भानगड समजून घ्या, कारण चष्मा असला की वाफ धरायला दोन काचा होतात. वर जाताना दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश थंडी वाढते. खाली २५ अंश असेल तर उडीच्या उंचीवर पाचच्या आसपास. काच गार, तोंड गरम, आणि भीतीनं श्वास जोरात. २०१२ मध्ये ऑस्ट्रियाचा स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनर ३९ किलोमीटरवरून उडी मारून उतरला, त्याच्या हेल्मेटच्या काचेवरसुद्धा वाफ धरत होती. म्हणून विमानात बसल्याबसल्या गॉगल लावू नका, प्रशिक्षक सांगतील तेव्हाच लावा. एकदा बाहेर पडलात की झडपांतून फिरणारा वारा वाफ पुसून नेतो, फक्त झडपा दुपट्ट्यानं किंवा टोपीनं झाकल्या जाऊ नयेत. आतल्या बाजूला वाफ न धरणारा लेप असतो, तो बोटानं किंवा दुपट्ट्यानं पुसायचा नाही, निघून जातो. चष्म्याच्या काचेला आदल्या रात्री साबणाच्या पाण्याचा एक थेंब चोळून मऊ कापडानं कोरडा करा. चहाच्या कपावर धरून बघा, फरक दिसेल.

काच पॉलीचीच हवी, म्हणजे पॉलिकार्बोनेट, गॉगलची आणि जमल्यास चष्म्याचीही. खऱ्या काचेचा चष्मा असेल तर तो घालून उडी मारू नका. आणि पारदर्शकच घ्या. काळ्या गॉगलचा फोटो छान येतो हे मान्य, पण मागे बांधलेल्या प्रशिक्षकाला आणि कॅमेरेवाल्याला तुमचे डोळे दिसले पाहिजेत, माणूस भानावर आहे की नाही ते त्यावरून कळतं.

‘चष्माच काढून ठेवतो’ असं मनात असेल तर हिशेब करा. मायनस ३.५ म्हणजे विनाचष्मा स्पष्ट दिसणार ते सुमारे २८ सेंटिमीटरपर्यंत, वीतभरापेक्षा थोडं जास्त. बाकी सगळं धूसर, खालची जमीनही. कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण सवय असेल तरच, उडीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. गॉगल चोख बसलेला हवा, जास्तीची जोडी आणि चष्मा खाली कोणाजवळ तरी ठेवा. वर गॉगल सरकलाच तर डोळे मिटून घ्या, लेन्स जागेवर राहील. चष्माच घालणार असाल तर दोन्ही काड्यांना मागून दोरी बांधा, आणि काड्या बारीक असलेली फ्रेम निवडा. मी गेलो होतो तेव्हा माझ्या चष्म्याला बोटाएवढ्या रुंद प्लास्टिकच्या काड्या होत्या, त्याच नडल्या. मोतीबिंदूचं किंवा नंबर घालवायचं ऑपरेशन हल्ली झालं असेल, किंवा पडद्याचा काही त्रास असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. हे दुकानदारानं सांगायचं काम नाही.

पॅराशूट उघडल्यावर गॉगल लगेच कपाळावर ढकलू नका. निसटला तर तुमच्या हातातून जाईल, खाली कोणाच्या डोक्यात पडेल. प्रशिक्षक म्हणाले तर गळ्यात खाली ओढा. मी तसाच खाली ओढला, चष्मा बोटानं पुसला, तेव्हा पायाखाली गव्हाची हिरवी शेतं, एक ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे उडणारे पांढरे बगळे दिसले. बगळे आपल्याखाली उडताना पहिल्यांदाच बघितले.

दिग्रसवरून जाणार असाल तर दुकानात या, काड्या बारीक असलेल्या फ्रेमा दाखवतो. कूलर डिसेंबरातही जागेवरच असतो, पाणी तेवढं नसतं.